वणव्यानंतरचें वाङ्मय

घिवली हें पालघर जिल्ह्यांतील समुद्रकांठचें गांव. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस तारापूरच्या अणुविद्युत्केंद्राचे रात्रभर न मालवणारे दिवे. अशा ठिकाणीं वणव्याची आठवण व्हावी याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या फाल्गुनांत त्या गांवीं एका स्नेह्यांकडे जात असतां आम्ही पूर्वेकडील डोंगरांतून आलों. वाटेंत काळोख पडला, आणि एका डोंगराच्या कुशीवर आगीची बारीक, वांकडी रेघ सरकतांना दिसली. दुरून तें दृश्य सुंदर होतें, हें कबूल केलें पाहिजे. रात्रीं जेवतांना आम्हीं ती गोष्ट काढली, तेव्हां यजमान शांतपणें म्हणाले, "हें दर सालचेंच आहे. पाऊस पडला, कीं सगळें पुन्हा हिरवें होतें."

यजमान सुशिक्षित, चांगलें वाचणारे, आणि मनाचे कोमल आहेत. तेव्हां हें उत्तर निष्ठुरपणाचें नव्हे, हें उघड आहे. पुष्कळ विचार केल्यावर आम्हांला असें वाटूं लागलें, कीं तें उत्तर त्यांना आपल्या वाङ्मयानेंच शिकविलें आहे. आपल्या वाङ्मयांत वणवा पेटतो आणि पाऊस तो विझवितो. मध्यें माणूस येत नाहीं. आला तर जळणारा किंवा जाळणारा म्हणून येतो. जळालेलें रान आणि त्याच्या आधारानें जगणारें गांव पुन्हा उभें कोणीं केलें, कसें केलें, हा प्रश्न आमच्या लेखकांस क्वचितच पडला आहे. प्रस्तुत लेखांत या उणिवेचा विचार करावयाचा आहे, आणि ती थोडीबहुत भरून काढणारा ग्रंथ म्हणून श्री. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) या पुस्तकाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

प्रथम परंपरेकडे पाहूं. 'ऋतुसंहारा'च्या पहिल्या सर्गांत ग्रीष्माचें वर्णन करतांना कवीनें दावाग्नि रंगविला आहे. त्यांतील ज्वालांचा रंग, वाऱ्याची घाई आणि वैर विसरून एकत्र पळणारीं श्वापदें आमच्या पिढीजात काव्यरसिकतेचा ठेवा आहेत. परंतु सर्ग संपतो, पुढच्या सर्गांत मेघ येतात, आणि जळालेलें रान कवीच्या दृष्टीआड होतें. भागवतांत श्रीकृष्ण दावानल पिऊन टाकतो. तेथें तर जळण्याचाच प्रश्न उरत नाहीं. संतकवींनीं संसारतापाला वणव्याची उपमा दिली आणि ती इतकी रूढ झाली, कीं उपमेखालचें खरें रान कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. आज वर्तमानपत्रांत अफवा वणव्यासारखी पसरते. वणवा मात्र चार ओळींच्या बातमीपलीकडे फारसा पसरत नाहीं.

या सर्वांत महाभारतांतील खांडवदाह हें आख्यान निराळें आहे. अग्नीला भूक लागली, कृष्ण आणि अर्जुन यांनीं वनाच्या दोन्ही बाजू रोखून धरल्या, आणि आंतील प्राणिमात्र जाळून टाकिलें. त्यांतून वांचले ते सहाच : तक्षकपुत्र अश्वसेन, मय दानव, आणि शार्ङ्गक पक्ष्याचीं चार पिलें. पुढें मयानें पांडवांस सभा बांधून दिली. कै. इरावती कर्वे यांनीं 'युगान्त' (१९६७) या ग्रंथांतील 'मयसभा' या लेखांत या आख्यानाकडे निर्भयपणें पाहिलें. शेतीला जमीन मोकळी करून घेण्यासाठीं रानांत राहणाऱ्यांचा केलेला हा संहार आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आमच्या मतें मराठी टीकावाङ्मयांतील तो एक मोलाचा क्षण होय. काव्याच्या धुरामागें माणसें होतीं, हें बाईंनीं दाखविलें.

परंतु बाईंचा प्रश्न 'कोणीं जाळलें?' हा आहे. 'नंतर काय झालें?' हा प्रश्न त्याच आख्यानांत एका लहानशा उपाख्यानानें विचारला आहे, आणि त्याकडे टीकाकारांचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. त्या चार पिलांची आई जरिता. आग जवळ येते, पिलांना पंख फुटलेले नाहींत. ती त्यांस उंदराच्या बिळांत शिरावयास सांगते, तीं ऐकत नाहींत, आणि अखेर पिलांच्याच आग्रहानें ती उडून जाते. आग ओसरल्यावर ती रडत परत येते आणि पिलें जिवंत पाहते. खांडवाच्या त्या प्रचंड ज्वालांत परत येणारी अशी ही जरिता आम्हांला दिसते. बाकीचे विजयी होऊन इंद्रप्रस्थास गेले. वणव्यानंतरचें वाङ्मय म्हणजे जरितेचें वाङ्मय होय, आणि तें आपल्याकडे फार थोडें आहे.

आतां यजमानांच्या वाक्याकडे वळूं. पाऊस पडला कीं हिरवें होतें, हें डोळ्यांना खरें दिसतें; पण काय हिरवें होतें? पहिल्या पावसानें उगवतें तें गवत. तें माघांत वाळतें आणि पुढच्या वणव्याचें सरपण होतें. सागासारखीं जाड सालीचीं मोठीं झाडें जमिनीलगतच्या आगींतून बहुधा वांचतात. कांहीं खुंटांना फुटवेही येतात. मरतें तें एका-दोन वर्षांचें रोप आणि पाचोळ्यांतलें बीं. असें दहा-पंधरा वर्षें चाललें, म्हणजे रान उभें तर दिसतें, पण त्यांत लहान झाड उरत नाहीं. तरुण माणसें शहरांत गेलेल्या गांवासारखी त्याची स्थिति होते : आजचीं माणसें आहेत तोंवर गांव आहे. तेव्हां पाऊस वणवा विझवितो, परंतु रान परत आणीत नाहीं. तें परत यावयाचें असेल, तर चार-पांच उन्हाळे आग रोखून धरावी लागते. हें काम ढगांचें नव्हे, माणसांचें आहे.

मग तीं माणसें तें काम कां करीत नाहींत? येथें ठाणें जिल्ह्याचा जुना इतिहास पाहिला पाहिजे. या भागांत भाताचीं रोपें तयार करण्यासाठीं झाडांच्या फांद्या, पाला, गवत, शेण हें सर्व जमिनीवर पसरून जाळण्याची चाल आहे. तिला राब म्हणतात. इंग्रजी अमलांत राने राखीव होऊं लागलीं, तशी राबासाठीं फांद्या तोडण्यावर बंधनें आलीं, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, कीं १८८५ सालीं सरकारास मुंबई इलाख्यासाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें; त्याचा अहवाल १८८७ सालचा आहे. पुढें १९२७ चा भारतीय वन कायदा आला. त्याच्या २६ व्या कलमांत राखीव वनास आग लावणें हा गुन्हा ठरविला आहे, तें योग्यच आहे. पण त्याच कलमांत आणखी एक तरतूद आहे. आग मुद्दाम किंवा अक्षम्य हयगयीनें लागली असेल, तर सरकारास त्या वनांतील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क वाटेल तितका काळ तहकूब करितां येतात. ७९ वें कलम सांगतें, कीं वनांत ज्यांना हक्क आहेत त्यांनीं आग विझविण्यास मदत केलीच पाहिजे. म्हणजे आग विझविणें हें वेठीसारखें कर्तव्य, आणि ती एकानें लावली तर शिक्षा सगळ्या गांवास! अशा रानावर गांवानें पोटच्या पोरासारखें प्रेम करावें, ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची?

या रानांतील माणसांचें दर्शन मराठी वाचकाला कै. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकांत घडलें. १९४५ ते ४७ या काळांतील वारली लोकांच्या उठावाची ती आत्मानुभवाची कहाणी आहे. वेठबिगार, लग्नगडी, आणि जंगल ठेकेदारांची मजुरी यांचीं तींतील वर्णनें वाचतांना सुखवस्तु वाचक आपल्या पाटावर अस्वस्थ होतो. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, एवढ्या मागणीसाठीं त्या लोकांनीं काय सोसलें, हें वाचलें म्हणजे गवत या शब्दाचाच अर्थ बदलतो. मुंबईकडे जाणारें हें गवत म्हणजे व्यापाऱ्याचा माल, मजुराची भाकरी, आणि न कापतां उभें राहिलें तर वणव्याचें खाद्य. कापणाऱ्याला जेथें मोल मिळतें, तेथें आगीला भक्ष्य कमी उरतें. बाईंचें पुस्तक वणव्याविषयीं नव्हे. परंतु रानाचा वाली कोण, या प्रश्नाचा पाया त्यांनीं घातला. त्यांच्या लेखणीचा जोर अन्यायाच्या वर्णनांत आणि जागृतीच्या क्षणांत आहे. माणूस जागा झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून काय करतो, हें सांगणें त्यांच्या कथेच्या मर्यादेबाहेरचें होतें. तें काम चाळीस वर्षांनंतर दुसऱ्या एका लेखकाकडे आलें.

श्री. बोकील हे 'शाळा' (२००४) या कादंबरीमुळें मध्यमवर्गीय घरांत परिचित आहेत. त्यांचें 'गोष्ट मेंढा गावाची' हें पुस्तक गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गांवाविषयीं आहे. या गांवानें सर्वांच्या सहमतीनें निर्णय घेण्याची पद्धति बसविली. कोणत्याही विषयावर आधीं अभ्यासगट बसवावयाचा, माहिती मिळवावयाची, आणि मग सभेंत ठरवावयाचें, असा शिरस्ता पाडला. रानासंबंधीं जे नियम गांवानें स्वतःवर घालून घेतले, त्यांत वनाला आग लावावयाची नाहीं, आणि लागली तर सर्वांनीं मिळून विझवावयाची, हा एक होता. मध काढण्याच्या जुन्या रीतींत आगीचा उपयोग होई. अभ्यासगटानें मधमाशांचा विचार केला आणि पोळें न जाळतां मध काढण्याची रीत स्वीकारली. २००९ सालीं, वनहक्क कायद्याखालीं, या गांवास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकण्यासाठीं लागणारीं वाहतुकीचीं परवानापत्रें एप्रिल २०११ मध्यें ग्रामसभेच्या स्वतःच्या हातीं आलीं. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. नियम आधीं, हक्क मागाहून. आणि हक्क आल्यावर नियम सैल झाले नाहींत, उलट त्यांना पोटाचा आधार मिळाला.

वाङ्मयदृष्ट्या या पुस्तकाचें महत्त्व त्याच्या नांवांतच आहे. लेखकानें त्यास अहवाल म्हटलें नाहीं, चळवळीचा इतिहास म्हटलें नाहीं, गोष्ट म्हटलें. आणि या गोष्टीचा नायक एक माणूस नाहीं, एक सभा आहे. मराठी गद्याला ही अवघड परीक्षा होती. नायक एकटा असला, म्हणजे त्याला संकट देतां येतें, मोह देतां येतो, शेवटीं विजय देतां येतो. सभेला चेहरा नसतो. ती बसते, बोलते, उठते आणि पुन्हा बसते. या पुनरावृत्तींतून कथानक काढणें कादंबरीकाराचें कसब मागतें, आणि तें वापरूनही कसबाचें प्रदर्शन न करणें हें अधिकच कठीण. बोकील यांची भाषा येथें साधी आणि समंजस आहे. अलंकारांची हांव त्यांनीं धरली नाहीं, हें वणव्याच्या वाङ्मयाची आजवरची हौस पाहतां विशेष वाटतें. आग लागली नाहीं, ही घटना वर्णनाला फार गैरसोयीची असते.

गैरसोयीचें हें कारण दोन्ही बाजूंनीं खरें आहे. अशा ग्रंथाचा एक धोका आम्हांला दिसतो आणि तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यशस्वी गांवाची गोष्ट वाचून शहरांतला वाचक त्या गांवाचें तीर्थक्षेत्र करून टाकतो. एकदां दर्शन घेतलें, कीं आपलें कर्तव्य संपलें! सहमतीचें वर्णन वाचतांना सहमति होण्याआधींचीं भांडणें, रुसवे, रिकाम्या गेलेल्या सभा यांची वाचकाला जितकी जाणीव व्हावी तितकी होत नाहीं. आणि या प्रकारच्या लेखनांत ती जाणीव जितकी अधिक येईल तितकी ती गोष्ट दुसऱ्या गांवांच्या अधिक उपयोगी पडेल. मेंढ्याचा गौरव पुरे झाला असें आम्ही म्हणत नाहीं. मेंढ्याच्या शेजारच्या, अर्ध्यावर अडलेल्या गांवाची गोष्ट आतां कोणीतरी लिहावी, एवढेंच म्हणणें आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वणवे लावतात कोण? बहुतेक गांवचींच माणसें. मोहाचीं फुलें वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोंवळीं पानें यावींत म्हणून रान पेटवितात. नवें गवत फुटावें म्हणून जुनें जाळतात. कधीं विडीचें थोटूक पुरतें. मग चोराच्याच हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या द्यावयाच्या काय? आक्षेपांतील माहिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाहीं. मोहाखालचा पाचोळा जाळणारी बाई रान जाळावयास निघालेली नसते. तिला आपलें झाड हवें असतें. पलीकडचें रान तिचें नसतें, म्हणून तिकडे गेलेल्या आगीमागें ती धांवत नाहीं. तेंच रान तिच्या सभेचें झालें, म्हणजे ती पाचोळा जाळण्याऐवजीं झाडून काढते. हा स्वभावाचा फरक नव्हे, मालकीचा आहे.

याला इतिहासाचा पुरावा आहे. हिमालयांतील कुमाऊं प्रांतांत सरकारनें वनें राखीव केलीं, तेव्हां १९२१ सालीं लोकांनीं तीं ठिकठिकाणीं पेटवून दिलीं. श्री. रामचंद्र गुहा यांनीं 'द अनक्वायट वुड्स' (१९८९) या ग्रंथांत दाखविलें आहे, कीं ही आग आंधळी नव्हती. सरकारच्या व्यापारी उपयोगाचीं चिडाचीं वनें जळालीं. गांवकऱ्यांच्या नित्य गरजेचीं रुंद पानांचीं वनें, तींही सरकारच्याच ताब्यांत असून, वांचलीं. सरकारनें तक्रारींची चौकशी केली, आणि १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम झाले. ज्या लोकांनीं जाळलें, त्यांच्याच पंचायतींकडे राखण आली. आपल्याकडे धुळें जिल्ह्यांतील, साक्री तालुक्यांतील बारीपाडा या गांवानें सुमारे ११०० एकर उजाड रान राखून वाढविलें, तेथील श्री. चैत्राम पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. पदवी एकाला मिळाली, रान मात्र सगळ्या पाड्यानें राखलें, हें पदवी घेणाराच सर्वांआधीं सांगेल अशी आमची खात्री आहे.

दूरदेशींही हाच धडा निराळ्या रूपानें दिसतो. हवाई बेटांतील लाहायना हें जुनें नगर ८ ऑगस्ट २०२३ रोजीं आगीनें भस्म झालें आणि शंभरावर माणसें मेलीं. भोंवतालचे उसाचे मळे पूर्वीच बंद पडले होते. तेथील साखर कारखाना १९९९ सालीं उठला, आणि त्या पडीत जमिनीवर परदेशी गवत माजलें. पुन्हा तेंच, न कापलेलें गवत! आगीनंतर तेथील रहिवाशांना पहिली भीति पडली ती पैसेवाल्या परक्यांची. राख निवते न निवते तोंच जमिनीचे गिऱ्हाईक येतील, म्हणून गांवकऱ्यांनीं एक भूमिन्यास उभारून जागा आपल्याच लोकांच्या हातीं ठेवण्याची खटपट चालविली. घरें बांधणें ही पुनर्रचनेची दुसरी पायरी आहे; जागा कोणाची, हें ठरणें ही पहिली.

हें सत्य घिवलीच्या लोकांस तरी सांगावयास नको. याच किनाऱ्यावरील पोफरण आणि अक्करपट्टी हीं गांवें अणुविद्युत्केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठीं उठविलीं गेलीं. तेथें आग नव्हती. सरकारी योजना होती, आणि पुढें न्यायालयांत दीर्घकाळ चाललेलें भांडण होतें. पुनर्वसन हा शब्द आपण अशा वेळीं सहज वापरतों. पण मराठींत गांव 'वसतें' आणि गांव 'वसवितात', या दोन क्रियापदांत केवढें अंतर आहे! पहिल्याचा कर्ता गांव स्वतः, दुसऱ्याचा कोणी तरी वरचा. आमच्या सर्व योजना दुसऱ्या क्रियापदांत लिहिलेल्या असतात. मेंढा आणि बारीपाडा यांची गोष्ट पहिल्या क्रियापदांत आहे, म्हणून ती वाचावयाची.

सरकारनें हात झटकावे, असा याचा अर्थ कोणी करूं नये. उपग्रहावरून आगीचा ठिपका टिपणें, जाळरेषा काढण्यास मजुरी देणें, आगीशीं झुंजतांना भाजलेल्या माणसाच्या औषधपाण्याचा भार उचलणें, हीं कामें सरकारचींच. हिरव्या डहाळ्या हातीं घेऊन पाड्यानें आगीपुढें उभें राहावें आणि त्याचें कौतुक करून इतरांनीं घरीं बसावें, ही लोकसत्ता नव्हे, ती वेठीचीच नवी तऱ्हा होईल. वनहक्क कायद्यानें २००६ सालीं ग्रामसभेला वन राखण्याचा आणि वाढविण्याचा हक्क दिला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या भागांत तो हक्क कागदावरून डोंगरावर जाईल, तेव्हां फाल्गुनांतील ती वांकडी रेघ आंखूड होईल.

आणि लेखकांनीं काय करावें? आम्ही त्यांच्याकडे चळवळ मागत नाहीं. त्यांच्या धंद्याचेंच एक काम मागतों. आग पाहावयास जसे ते जातात, तसें त्यांनीं आषाढांत त्याच डोंगरावर पुन्हा जावें. काळ्या खोडांतून कोणता फुटवा आला, गवतांत कोणतें रोप टिकलें, त्याभोंवतीं कांटे कोणीं लावले, सभा किती वेळां बसली आणि कशावरून मोडली, हें पाहून लिहावें. पुढल्या फाल्गुनांत पुन्हा जावें. तें लिहिणें दावाग्नीच्या वर्णनाइतकें दिपविणारें होणार नाहीं, पण घिवलीच्या आमच्या यजमानांसारख्या सज्जन वाचकाला त्यानें पाऊस आणि माणूस यांतील भेद कळेल.

निघतांना आम्हीं बोकील यांचें पुस्तक त्यांच्या घरीं ठेवून आलों. पंधरा दिवसांनीं त्यांचें पत्र आलें. पुस्तकाविषयीं त्यांत फारसें कांहीं नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं पाहिलेला डोंगर नेमका कोणता, आणि त्याच्या पायथ्याला कोणता पाडा आहे, एवढेंच त्यांनीं विचारलें होतें.